बयाबाईंची काशी

(पिनर, लंडन. स्वयंपाकघरातलं टेबल. शनिवार, दुपार. वैजयंती आणि तिची नात तनिषा.)

तनिषा: ...सो मी बाबाला म्हटलं, तू नको बोलू, मी बोलते. तू बोललास की आजी ओरडते, मग तू ओरडतोस, आणि पुढच्या रविवारपर्यंत कुणी कुणाला फोन करत नाही.

वैजयंती: म्हणजे वकिली करायला आलीयस. आणि मी वेडी काल रात्रीपासून साबुदाणा भिजवून बसलेय, की नात ग्लासगोहून आजीची आठवण आली म्हणून येतेय.

तनिषा: आठवण पण आली. दोन्ही. आजी, प्लीज ऐक. तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस. एक स्टेंट आहे. दहा तास फ्लाइट, मग मुंबईपासून वाईपर्यंत पाच तास टॅक्सी, आणि सगळं एकटी. शशीआजीशी तू रोज व्हिडिओवर बोलतेस ना?

वैजयंती: बोलते. तिचं कपाळ दिसतं मला. कपाळ आणि वरचा पंखा. फोन कसा धरायचा ते तिला अजून जमलेलं नाही. सहा वर्षं मी माझ्या सख्ख्या बहिणीचं कपाळ बघतेय. ती त्र्याऐंशीची आहे. आता बोल.

तनिषा: बाबा म्हणतो, तुझ्या जीपी डॉक्टरने अजून प्रवासाला हो म्हटलं नाही. बाबा म्हणतो, एवढे नऊ महिने परवानगीसाठी कौन्सिलच्या मागे लागून त्याने वॉटफर्डच्या घरी खाली तुझ्यासाठी खोली बांधला...

वैजयंती: बांधली.

तनिषा: बांधली. शॉवर पण. आणि बाबा म्हणतो, बयाबाईंचं काय झालं ते आजीनेच तर आपल्याला सांगितलंय. त्या पण असाच हट्ट करून गेल्या.

वैजयंती: बयाबाईंना मध्ये आणलं का त्यानं? शहाणाच आहे. लहानपणी मी ती गोष्ट सांगायला लागले की भोकाड पसरायचा. शेवट नको म्हणायचा.

तनिषा: मी पण रडायचे. माझ्या शाळेतल्या मुलींना झोपताना परीच्या गोष्टी मिळायच्या, आणि मला एक विडो जी चालत चालत काशीला जाते आणि मरते. काउन्सेलिंगचं बिल मी तुला पाठवणार आहे.

वैजयंती: पाठव. पण त्या गोष्टीमुळेच तुझं पोट भरतंय हे विसरू नकोस. मोडी कुणी शिकवली तुला? लॉकडाउनमध्ये रोज अकरा वाजता, मी इथे, तू टेबलाच्या तिकडे, आणि तुझं लक्ष खिडकीबाहेर.

तनिषा: ते खरंय. लायब्ररीतल्या इंटरव्ह्यूला त्यांनी विचारलं, हे वाचायला कुठे शिकलीस. मी म्हटलं, पिनरला.

वैजयंती: आणि मी शिकले साताऱ्याला. वडील कोर्टात जुनी मोडी कागदपत्रं वाचून द्यायचे, मी त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसायची. शशीला कंटाळा यायचा, ती पळायची. ग्लासगोला आल्यावर कुणाला सांगितलंही नव्हतं मी. त्र्याहत्तर साली आलो, तुझे आजोबा दिवसभर हॉस्पिटलात, आणि मी खिडकीत. बसचा कंडक्टर जे बोलतो ते इंग्रजी आहे, हे मला सहा महिन्यांनी कळलं. मग कुठल्याशा डिनरला तुझ्या आजोबांनी बढाई मारली की माझी बायको मोडी वाचते. तिथे तुझ्या आताच्या लायब्ररीतली एक बाई होती, उंच, चष्मा गळ्यात. म्हणाली, आमच्याकडे एक गठ्ठा पडलाय, कंपनीच्या कुणा साहेबानं हिंदुस्थानातून उचलून आणलेला, दोनशे वर्षांत कुणी वाचलेला नाही. गेले. गाठ सोडली, पहिला कागद उलगडला, आणि काय सांगू तुला, वाई. वाईचं नाव. वाईच्या पलीकडच्याच गावच्या कुलकर्ण्यांचं घर. मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्या बाईला वाटलं, काहीतरी भयंकर लिहिलंय.

तनिषा: काय होतं त्यात?

वैजयंती: अडकित्ता. अडकित्ता चुलीमागच्या कोनाड्यात राहिला, कुणी पुण्याकडे येत असेल त्याच्याबरोबर पाठवा. ही बयाबाईंची पहिली ओळख. घरातून निघून चार दिवस झाले होते.

तनिषा: मला ते पत्र पाठ आहे. पण तू सांगतेस तेव्हा वेगळं वाटतं. सांग ना, पूर्ण. खूप वर्षं झाली.

वैजयंती: वकिली झाली तुझी?

तनिषा: ब्रेक घेतलाय.

वैजयंती: सांगते. खा तू. सतराशे अडुसष्ट साल. बयाबाई असतील पंचेचाळीस-पन्नासच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. घरात दीर, खंडोपंत. मी काशीला जाते म्हणाल्या, तर दिरानं सांगितलं, वहिनी, बाईमाणसाचं हे काम नव्हे, वाटेत रोगराई, चोर, नद्या. गावातून यात्रेकरूंचा एक संघ निघाला, त्यात गेल्या. स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून मुक्कामाला जो कुणी लिहिणारा भेटेल त्याच्याकडून लिहून घ्यायच्या. अकरा पत्रं, अकरा हातांची. एकाचं अक्षर मोत्यासारखं, एकाचं कोंबडीचे पाय. पण बोलणं सगळीकडे त्यांचंच. कारकून शहाणपणा करून जड शब्द घालायला लागला की मध्येच सरळ वाक्य येतं, म्हैस व्यायली का ते कळवणे. तिथे कळतं, बयाबाईंनी त्याला दटावलं असणार.

तनिषा: आणि नर्मदा.

वैजयंती: नर्मदा ओलांडली आणि लिहिलं की आता बोली बदलली, मीठ मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. ते वाचलं तेव्हा मी त्या ग्लासगोच्या थंडगार खोलीत एकटी हसत सुटले होते. मला वाटलं, ही बाई माझ्याशी बोलतेय. पुढे झाशीच्या अलीकडे त्यांच्याबरोबरची शेजारीण तापानं गेली. त्या पत्रात दोनच ओळी. तिचं गाठोडं मी घेतलं आहे. तिच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगणे, निरोप पाठवू नये. बाकी काही नाही. मग प्रयाग, मग काशी. काशीहून एकच पत्र. दर्शन झालं, पावसाळा इथेच काढून निघेन. बस. त्यानंतर एक कागद नाही. मी तो गठ्ठा चारदा उलटा केला. पाऊस, पूर, ताप, काय झालं कुणास ठाऊक. गेल्या बिचाऱ्या.

तनिषा: म्हणूनच मी आज लॅपटॉप आणलाय. सरप्राइज आहे. म्हणजे थोडं ब्राइब पण आहे. मला वाटलं, तू इथे राहिलीस तर समरमध्ये आपण दोघी उरलेले कागद वाचू. सगळं स्कॅन केलंय मी. गठ्ठ्याच्या खालच्या फोल्डरमध्ये हा कागद होता. बघ, कोपऱ्यात पेन्सिलने कुणाचं अक्षर आहे?

वैजयंती: मोठं कर. ...अगंबाई. माझं.

तनिषा: “बाजारयादी. महत्त्वाची नाही. वै.”

वैजयंती: आठवलं. शहात्तर साल. तुझा बाबा पोटात होता. तूप, गूळ एवढं वाचलं तरी मला मळमळायचं. पहिल्या चार ओळी वाचल्या असतील, तूप दोन मण, गूळ, तांदूळ, आणि दिला ठेवून बाजूला. बघू, काय लिहिलंय पुढे?

तनिषा: मी वाचलाय पूर्ण. पहिल्यांदा तुझ्या मदतीशिवाय. दीडशे लोकांचं जेवण आहे. वैशाख महिना आहे, पण साल नाही. मला वाटतं कुणाचंतरी वेडिंग. आणि शेवटी बयाबाईंचं नाव आहे, म्हणून मी कॅटलॉगमध्ये डेट टाकली, सतराशे अडुसष्टच्या आधी, म्हणजे त्या जायच्या आधी. आणि एक नोट पण टाकली, क्यूट आहे. बयाबाईंना आंब्याची अ‍ॅलर्जी होती.

वैजयंती: कसली?

तनिषा: अ‍ॅलर्जी. हे बघ, शेवटची ओळ. “बयाबाईंचे पानी आंबा न वाढणे.” म्हणजे सगळ्यांना आंबा, त्यांना नाही. आमच्या ऑफिसच्या लंचला पण अशी लिस्ट असते, कुणाला नट्स नाही, कुणाला ग्लूटेन नाही. माझी मॅनेजर म्हणाली, अठराव्या शतकातला डाएटरी रिक्वायरमेंट, किती मस्त.

वैजयंती: अगं माझे आई. बयाबाईंना आंब्याची अ‍ॅलर्जी. थांब, मला हसू दे. पाणी दे जरा.

तनिषा: का? काय चुकलं? वाचलं बरोबर आहे ना?

वैजयंती: वाचलंस अगदी बरोबर. पण अगं, बऱ्हाणपूरचं पत्र आठव. त्या काय म्हणतात? “आंब्याची अढी घातली असेल, आमचा वाटा पोरांस देणे.” अढी म्हणजे गवतात आंबे पिकायला घालतात ती. घरापासून इतक्या लांब जाऊन ही बाई परसातल्या आंब्याची आठवण काढतेय. तिला आंबा सोसत नाही होय? जीव होता तिचा आंब्यावर. तिला आंबा वाढू नका असं कोण...

तनिषा: आजी? काय झालं? चेस्ट पेन आहे का? आजी.

वैजयंती: काही नाही. बस खाली. ती शेवटची ओळ पुन्हा दाखव.

तनिषा: तू मला घाबरवतेस.

वैजयंती: तनू, काशीला गेलं की एक आवडीची वस्तू तिथे सोडून यायची असते. कायमची. फळ, भाजी, जे काय असेल ते. गंगेला सांगायचं, हे मी आजपासून खाणार नाही. आमची मावशी गेली होती, ती कारलं सोडून आली. आधी तरी कुठे खात होती? आई तिला जन्मभर त्यावरून चिडवायची. पण खरं सोडणारी माणसं जे सगळ्यात आवडतं तेच सोडतात.

तनिषा: म्हणजे बयाबाईंनी आंबा...

वैजयंती: काशीला सोडला. आणि ही यादी लग्नाची नाही. काशीहून माणूस सुखरूप घरी आलं की मोठं जेवण घालतात, मावंदं म्हणतात त्याला. दीडशे पानं उगाच नाही. सगळा गाव जेवायला, वैशाखातला आंबा पानात, आणि वाढणाऱ्यांना बजावून ठेवलंय की बयाबाईंना वाढू नका, त्यांनी सोडलाय. ज्यांना हे माहीतच नव्हतं त्यांना सांगून ठेवलंय. म्हणजे त्यांनी स्वतः येऊन सांगितलं असणार ना?

तनिषा: ओ माय गॉड. शी केम होम.

वैजयंती: आल्या गं. आल्या घरी. आणि मी पन्नास वर्षं त्यांना काशीत मारून ठेवलं होतं. पेन्सिलीनं लिहून, महत्त्वाची नाही.

तनिषा: पण मग पत्रं का थांबली? परत येताना पण सहा-सात महिने लागले असतील.

वैजयंती: पत्रं नेत कोण होतं? टपाल थोडंच होतं? देशाकडे परतणारी माणसं न्यायची. आता त्या स्वतःच परतणाऱ्यांत. येणाऱ्या बाईनं मी येतेय म्हणून कुणाकडे कागद द्यायचा? हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझे आजोबा असायला हवे होते आज. त्यांना फार वाईट वाटायचं बयाबाईंचं. म्हणायचे, वैजू, अजून एखादा कागद सापडेल बघ. मी म्हणायची, आता कसला सापडतोय.

तनिषा: रडू नको ना.

वैजयंती: बरं वाटतंय म्हणून रडतेय. रडू दे.

तनिषा: ओके. मग आता माझी वकिली फिरली. बाबाचं आर्ग्युमेंटच गेलं. बयाबाई चालत जाऊन परत येऊ शकतात, तर तू विमानाने का नाही? मी सांगते बाबाला. व्हीलचेअर बुक करू, मी तुझी औषधं पॅक करून देईन, आणि हवं तर परत येताना मी मुंबईला येते तुला आणायला. माझी लीव्ह आहे. रिटर्न कधीचं आहे?

वैजयंती: खिचडी गार होतेय तुझी.

तनिषा: आजी, रिटर्न कधीचं आहे?

वैजयंती: काढलेलं नाही.

तनिषा: म्हणजे ओपन आहे?

वैजयंती: म्हणजे नाही. मी शशीकडे राहणार आहे, तनू. तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, स्वयंपाकाला वरदा म्हणून बाई येते. सगळं ठरलंय आमचं.

तनिषा: आणि आम्ही?

वैजयंती: तुम्ही याल.

तनिषा: दॅट्स नॉट फेअर. मी तुला सपोर्ट करत होते आत्ता. दोन मिनिटांपूर्वी. तू मला काहीच सांगितलं नाहीस. बाबाला माहिती आहे?

वैजयंती: नाही. धीर होत नाही. त्या खोलीत त्यानं माझ्यासाठी खिडकीखाली कट्टा करून घेतलाय, रोपं ठेवायला. त्याच्या तोंडावर कसं सांगू?

तनिषा: तुला हे घर आवडत नाही का? इथे काय वाईट झालं तुझं?

वैजयंती: काही वाईट झालं नाही. उलट फार चांगलं झालं. इथे संसार झाला, इथे तुझे आजोबा गेले, या टेबलावर तू अक्षरं गिरवलीस. मला इथे कुणी दुखावलं म्हणून मी जात नाहीये. पण त्र्याहत्तर साली निघताना शशीला मी सांगून आले होते की दोन वर्षांत येते. ती तेव्हा एसटी स्टँडवर उभी होती, माझ्या ट्रंकेवर हात ठेवून. दोन वर्षांची त्रेपन्न झाली. मध्ये गेले, नाही असं नाही. पण तीन आठवड्यांची पाहुणी. पहिला आठवडा झोप येत नाही आणि तिसरा आठवडा बॅग भरण्यात. मी गेले की ती नवीन चादरी काढते. मला तिच्या जुन्या चादरीवर झोपायचंय.

तनिषा: मला खूप राग आलाय.

वैजयंती: येऊ दे.

तनिषा: आणि मला रडू पण येतंय आणि मला बयाबाईंचा आनंद पण झालाय. सगळं एकदम.

वैजयंती: ये इकडे. ...वजन कमी झालंय तुझं. ग्लासगोत जेवतेस की नाही?

तनिषा: बाबाचा फोन येतोय. उचलू? तो विचारणार, मानली का म्हणून.

वैजयंती: उचल. स्पीकरवर टाक. मीच सांगते.

अवधूत: हाय तनू, काय म्हणतेय आई? बोललीस का? लिसन, तिला सांग, शॉवरला धरायची रेल लावणारा माणूस मंगळवारी येतोय, उंची किती हवी ते विचार. आणि जीपीची अपॉइंटमेंट मी...

वैजयंती: अवधूत, मी ऐकतेय.

अवधूत: अगं आई, बरं झालं. रेल किती उंचीवर लावू?

वैजयंती: रेल नको लावू, राजा. मी एकवीस तारखेला जातेय आणि तिकडेच राहणार आहे. शशीकडे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुला आधी सांगायला हवं होतं, सांगवलं नाही. ही माझी चूक.

अवधूत: आई, तुला कळतंय का तू काय बोलतेस? तिकडे तुला काही झालं तर मी पोचेपर्यंत... मी पोचणार पण नाही. ती खोली मी कुणासाठी बांधली? मला वाटलं होतं, ऑफिसातून आलो की तू तिथे असशील. साधी गोष्ट आहे. मला एवढंच हवं होतं.

वैजयंती: माहितीये मला.

अवधूत: आणि तूच मला ती गोष्ट सांगायचीस. त्या बयाबाईंना सगळे नको नको म्हणत होते, आणि त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी लहान असताना किती रडायचो. आता तू पण तेच करतेस.

तनिषा: बाबा, त्या परत आल्या.

अवधूत: काय?

तनिषा: बयाबाई. कागद सापडलाय. आजीने आत्ता वाचला. त्या काशीहून घरी आल्या, गावजेवण झालं, सगळं. रिअली. त्या घरी पोचल्या.

अवधूत: हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का?

वैजयंती: नाही रे. खरंच आल्या. मीच चुकले होते इतकी वर्षं.

अवधूत: मग तेच म्हणतोय मी. त्या घरी परत आल्या, आई. लांब जाऊन राहिल्या, पण शेवटी आपल्या माणसांत, आपल्या घरी...

वैजयंती: हो. मी पण घरीच चाललेय.

अवधूत: एकवीसला विमान किती वाजता आहे?